गवतावरचा पूल आणि विहीणबाईंचं पाणी

फ्रान्सला जाऊन आलेली माणसं तुम्हाला पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्याचे फोटो दाखवतात. माझ्याकडे एका दगडी पुलाचा फोटो आहे. पुलाला कमानी आहेत, कठडे आहेत, मधोमध एक क्रूस आहे आणि खाली गवतात मेंढ्या चरताहेत. पाण्याचा थेंब नाही. हा पूल कशावर बांधलाय, असं मी त्या गावात भेटेल त्याला विचारलं. प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं, काहींनी तर दोन-दोन दिली. मी गोंधळलेल्या डोक्याने गेलो आणि त्याहून गोंधळून परत आलो. पण वसईच्या आणि बहारीनच्या ओळखीच्यांनी "काय पाहिलंस ते सांग" म्हणून पिच्छा पुरवलाय, म्हणून लिहितोय. यातलं निम्मं अगदी खरं आहे. उरलेलं त्याहूनही खरं आहे.

मी पास्कू. मूळचा वसईचा. बहारीनमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये लागलो तेव्हा मिशी फुटायची होती, आता ती पांढरी झाली. तिथल्या अदलिया नावाच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. बायको फिलोमिना, म्हणजे फिलू. मुलगी सेरा, इस्पितळात नर्स. तिने एमिल नावाचा फ्रेंच इंजिनिअर पसंत केला आणि एका संध्याकाळी तो राहतो त्या जनाबियाहून त्याला थेट आमच्या टेबलावर आणून बसवला. पोराने बोंबलाची चटणी मागून घेतली, तेव्हा फिलू जागीच विरघळली. मी नाही विरघळलो. मी बाप आहे.

आमच्या आळीत मुलगी द्यायची तर आधी मुलाकडे जाऊन यायचं असतं. घर बघायचं, वाडी बघायची, शेजाऱ्यांना घराण्याचं विचारायचं, आणि शेवटी त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचं. पाणी गोड लागलं तर तिथेच शब्द द्यायचा. माझी मोठी बहीण, जिला सगळे बाय म्हणतात, या बाबतीत पोपपेक्षा कडक. तिने फोनवर हुकूम सोडला, "मुलगा फ्रान्सचा असो नाहीतर चंद्रावरचा असो. पाणी पिऊन ये. मचूळ लागलं तर पोरीला समजावून सांग."

सेरा म्हणाली, "डॅडी, इट्स जस्ट वॉटर." पण तेवढं म्हणून गप्प बसली. आम्ही दोघं नोकरीत असताना बायनेच तिला वसईत लहानाची मोठी केली होती. बायने नाही म्हटलं तर सेरा लग्नाला उभी राहणार नव्हती, आणि हे एमिललाही ठाऊक होतं. म्हणजे त्या पोरीचं सगळं आयुष्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. सेराला रजा मिळाली नाही. दुभाष्या म्हणून एमिलला घेऊन मी आणि फिलू निघालो.

बुधवार : चीज आणि बोंबील

गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते मला अजून म्हणता येत नाही. देवाने खडी फोडायचा धंदा काढावा आणि मध्येच कंटाळून सोडून द्यावा, तसा तो मुलूख आहे. पांढरे खडक, खुरटी झाडं, दगडावर दगड रचलेल्या भिंती आणि वारा असा की माझी पांढरी मिशी एका बाजूला गेली ती रविवारी परत आली. घरांच्या छपरांवरही दगडच. आपल्याकडे कौल फुटतं तेव्हा कौल पडतं; इथे छप्पर पडलं तर घराखाली नवीन तळघर तयार होत असावं.

गाव दोन काठांवर वसलंय. वरचा काठ आणि खालचा काठ. मधे तो पूल. काठ आहेत, पूल आहे, नदी नाही. पण कोणी "पलीकडे जातो" म्हणालं तर पुलावरूनच जातं. खालून गवतातून चार पावलांत पोचता येतं, तरी मी कोणालाही तसं जाताना पाहिलं नाही. मी एकदा गेलो, तर एक म्हातारी मला बुडताना बघितल्यासारखी बघत राहिली.

एमिलची आई ओदीलबाई दारातच उभ्या होत्या. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच मेंढ्या सांभाळतात आणि चीज करतात. हात असे की आमच्या हॉटेलचा खाटीक लाजेल. त्यांनी फिलूचे गालाला गाल लावून मुके घेतले. मीही गाल पुढे केला, पण डावा की उजवा हे न कळून आमची नाकं आपटली. एमिलने मागाहून सांगितलं की वरच्या काठाला दोन मुके, खालच्या काठाला चार. त्यामुळे त्या गावात मी नेहमी एक मुका जास्त दिला किंवा एक कमी घेतला.

मग जेवण. बहारीनला मी हजारांच्या मेजवान्या उठवल्या आहेत, पण हे जेवण संपतंय की सुरू होतंय ते मला कळेना. सूप झालं, मी हात पुसले. मांस आलं. ते संपलं, मी उठलो. सॅलड आलं. पाव ताटात नाही, थेट टेबलावर. शेवटी चीज आलं आणि त्याच्या मागून त्याचा वास आला, की आधी वास आणि मग चीज, ते नीट आठवत नाही. गुहेत मुरवलेलं, वर निळे डाग. फिलूने रुमाल नाकाला लावला. मी मात्र संधी साधून बॅगेतून भेट काढली: बहारीनचा केशरी हलवा, खजूर, आणि वसईचे सुके बोंबील.

बोंबलांचं पुडकं उघडताच गावातली कुत्री वरच्या आणि खालच्या दोन्ही काठांवरून एकाच वेळी भुंकायला लागली. ओदीलबाईंनी मात्र वाकून हुंगलं, थोडा वेळ विचार केला आणि मुलाला काहीतरी विचारलं. एमिल म्हणाला, "आई विचारतेय, हे किती महिने मुरवलंय?" मग ते पुडकं उचलून त्या गुहेत चीजशेजारी ठेवून आल्या. त्या क्षणी मी त्यांना विहीणबाई म्हणायला निम्मा तयार झालो.

निम्माच. टेबलावरच्या काचेच्या चंबूकडे बोट दाखवून मी विचारलं, हे पाणी तुमचं का? त्या म्हणाल्या, नळाचं. नळ कुठून येतो? डोंगरापलीकडून, दुसऱ्या तालुक्यातून. म्हणजे ते पाणी नात्यातलं नव्हे. मी वाइन प्यालो.

गुरुवार : नदी कुठे गेली

सकाळी चौकशीला निघालो. एक गोष्ट आधी सांगायला हवी. ती माणसं फ्रेंचमध्ये बोलली, एमिलने ते इंग्रजीत सांगितलं आणि मी मराठीत लिहितोय. दूध तीन पातेल्यांतून ओतलंय, थोडं सांडणारच. त्यातून एमिल कंजूष दुभाष्या. समोरचा माणूस हात हलवून, आभाळाकडे बघून, छाती बडवून प्रवचन द्यायचा, आणि एमिल म्हणायचा, "ही सेज नो."

वरच्या काठाला मार्सेल भेटला, मधमाश्या पाळणारा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी इथून मोठी नदी वाहायची. खालच्या काठावाल्यांनी पिठाची गिरणी चालवायला तिला बांध घातला. नदीला राग आला, आणि एका रात्रीत ती जमिनीखाली निघून गेली. ती आता डोंगराच्या पोटातून वाहते. कान लावलात तर ऐकू येते. मी गवताला कान लावला. एक मेंढी आली आणि माझी टोपी चाटून गेली.

खालच्या काठाला निवृत्त पोस्टमन भेटला. तो म्हणाला, मार्सेल मधमाश्यांशी खोटं बोलतो म्हणून त्याचा मध पातळ असतो. नदीला कोणी बांध घातला नाही. वरच्या काठावाल्यांनीच चर्च बांधायला खाण खोदली, खाणीला भोक पडलं आणि नदी त्या भोकात पडली. आता ती कुठे निघते? तो म्हणाला, कोणी म्हणतं दुसऱ्या जिल्ह्यात, कोणी म्हणतं स्पेनमध्ये. एकदा कोणी तरी तिच्यात रंग टाकून पाहिला होता. रंग कुठे निघाला? कुठेच नाही निघाला. ज्या जिल्ह्यात निघाला असेल तिथले लोक कबूल करत नाहीत, असं त्याचं मत.

मी ओदीलबाईंना विचारलं, यातला कोण खरा? त्या मेंढीचं दूध काढत होत्या. म्हणाल्या, दोघंही खोटे. माझ्या आजीनेही तिथे गवतच पाहिलं होतं. मग पूल कसा आला? त्यांनी खांदे उडवले. एमिलने तेही भाषांतर केलं, "शी डझंट नो."

पुलाच्या तोंडाशी एक दगडी स्तंभ आहे, युद्धात मेलेल्यांच्या नावांचा. गाव एवढंसं, आणि नावं एवढी की मला वाटलं आजूबाजूच्या सगळ्या गावांची असतील. नाही, याच गावची. एमिलचं आडनाव त्यात पुन्हापुन्हा येतं. ओदीलबाई जाता-येता पदराने पुसल्यासारखं ॲप्रनच्या टोकाने त्या दगडावरची धूळ पुसतात. मला तिथे थाप सुचली नाही, म्हणून पुढे चाललो.

संध्याकाळी बायला फोन लावला.

"नदी होती, पण आता ती खाली गेलीय," मी म्हणालो.

"मग विहीर बघ."

"एमिल म्हणतो, घराला विहीर नाही."

"बावखल, निदान पाण्याचं तळं?"

"नाही."

"मग माणसं पितात काय?"

"वाइन."

मग ती एवढंच म्हणाली, "माझ्या सेराला अशा गावात देणार तू?" आणि फोन ठेवला. फिलूने माझ्याकडे पाहिलं नाही. एमिलने पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण चेहऱ्याला दुभाष्या लागत नाही. तो ताटातलं तसंच ठेवून उठला.

शुक्रवार : कोण गेलं

आता जे झालं ते कळायला बहारीनचा एक रिवाज माहीत हवा. तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी आम्ही सगळे कामावर. त्यामुळे आम्हा ख्रिस्ती लोकांची रविवारची मिस्सा शुक्रवारीच होते. इतकी वर्षं तसंच चाललंय, आता शुक्रवार उजाडला की माझे गुडघे आपोआप दुमडतात.

त्या शुक्रवारी सकाळी चर्चची घंटा झाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फिलू म्हणाली, "अहो, मिस्सा चुकेल." मला एका क्षणासाठीही शंका आली नाही. मी सेराच्या साखरपुड्यासाठी शिवलेला काळा सूट घातला, फिलूने काळा ड्रेस आणि डोक्यावर जाळीचा रुमाल घेतला, आणि आम्ही वरच्या काठाला चर्चच्या दारात जाऊन उभे राहिलो. एमिल पहाटेच गाडी घेऊन शहरात पाव आणायला गेला होता. ओदीलबाई मेंढ्यांमागे.

दाराला भलंमोठं कुलूप. आम्ही म्हटलं, फादरला उशीर झाला असेल. उभे राहिलो.

मार्सेल समोरून गेला. आम्हाला बघून थबकला, टोपी काढली आणि आल्या पावली घरी गेला. मग खालच्या काठाची ती म्हातारी आली, क्रूसाची खूण केली आणि लगबगीने परत फिरली. थोड्या वेळाने माणसं यायला लागली. सगळी काळ्या कपड्यांत. पोस्टमनने अंगणातली फुलं तोडून आणली होती. मार्सेल कोट घालून आला, कोटाला एक मधमाशी चिकटलेली. एकेक जण पुढे येऊन माझा हात दोन्ही हातांत धरायचा आणि सोडायचाच नाही. मी फिलूला म्हटलं, बघ, किती भाविक गाव, उगाच बायजवळ गावाबद्दल वाईट बोललो. एका बाईच्या डोळ्यांत पाणी बघून फिलूही रडायला लागली. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं, पण रडणं छान जमून आलं.

पोस्टमन वरच्या काठाला आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. दोन्ही काठ एका दारात उभे होते.

तेवढ्यात ओदीलबाई चढावरून धावत आल्या. पायांत गोठ्यातले बूट, हातात वीतभर लांबीची लोखंडी किल्ली. चर्चची किल्ली त्यांच्याच स्वयंपाकघरात टांगलेली असते, हे मला तेव्हा कळलं. चेहरा त्या खडकासारखा पांढरा. त्यांनी मला पाहिलं, काळा सूट पाहिला, फिलूचे डोळे पाहिले, सगळीकडे नजर फिरवली आणि एकच शब्द उच्चारला.

"एमिल?"

भाषांतराला कोणी नव्हतं. लागलंही नाही. सकाळी वाजली ती घड्याळाची घंटा, ती रोजच वाजते; पण त्या गावात चर्चचं दार आडदिवशी उघडतं ते फक्त मयताला. फादर अनेक गावांत मिळून एकच, तो कधीतरी रविवारी येतो. काळ्या कपड्यातला माणूस शुक्रवारी चर्चच्या दारात उभा, याचा तिथे एकच अर्थ होतो. आणि गावातला एकटा एमिल घरी नव्हता, गाडी घेऊन गेला होता.

मी "नो, नो" म्हणत राहिलो. अरबीत "मफी, मफी" म्हणालो. मराठीत काय म्हणालो ते छापता येणार नाही. ओदीलबाई पायरीवर खाली बसल्या आणि किल्ली दगडावर वाजली.

मग पुलावरून गाडी आली. एमिल उतरला, काखेत दोन लांब पाव, आणि गर्दी बघून त्याने विचारलं असावं, कोण गेलं? सगळं गाव माझ्याकडे वळलं.

ओदीलबाई उठल्या. त्यांनी मुलाच्या काखेतला एक पाव ओढून घेतला आणि त्याच्या पाठीत हाणला. पाव मोडला. मग त्याच्या गळ्यात पडल्या. दुसरा पाव माझ्यासाठी असावा, पण तोवर एमिलने तो मागे लपवला होता.

मी शुक्रवारचा रिवाज समजावला. पोस्टमनने विचारलं, मग तुमच्याकडे शुक्रवार कधी असतो? मी म्हटलं, गुरुवारी संध्याकाळीच सुरू होतो. मार्सेलने विचारलं, आणि रविवार? मी म्हटलं, तो नसतो, त्या दिवशी सोमवार असतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यापेक्षा ती माणसं जास्त गोंधळली, आणि मला जरा बरं वाटलं.

ओदीलबाई म्हणाल्या, सगळे आलेच आहात तर दार उघडते. आत गेलो. थंड, अंधारं, मेणाचा वास. फादरविना सगळ्यांनी एक गाणं म्हटलं, दोन्ही काठांनी दोन चालींत. मी मटकन बाकावर बसलो. घसा असा कोरडा पडला होता की जीभ टाळूला चिकटली. ओदीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ गेल्या, जमिनीतलं एक लाकडी झाकण उचललं आणि साखळीला बांधलेला तांब्या आत सोडला.

झाकण उघडलं आणि खालून आवाज आला. मी तो ओळखला. पावसाळ्यात वसईच्या बावखलात पाट येऊन पडतो, तसा.

मी प्यालो. दात कळवळले, आणि मग ते पाणी उतरलं. गोड. कसलं गोड म्हणून सांगू; बहारीनच्या हलव्यात साखर कमी पडलीय असं वाटावं इतकं. मी तांब्या रिकामा केला, दुसरा मागितला.

"हे पाणी कुठलं?" मी एमिलला विचारलं.

"इथलंच," तो चाचरत म्हणाला. "पण हे पाणी नाही. हे बाप्तिस्म्याचं. हे कोणी पीत नाही. फक्त मयताच्या दिवशी घरच्यांना पाजतात."

ओदीलबाई दुसऱ्या तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायल्या आणि काहीतरी बोलल्या. त्या वेळी त्याने पहिल्यांदा सगळं भाषांतर केलं. "आई म्हणतेय, आज एका माणसाला इतकं घाबरलेलं बघून पाजलं. तिने स्वतःही आत्ताच प्यायलंय."

मी तिथेच, बाकावर बसल्या बसल्या, बायला फोन लावला. "गोड आहे," म्हणालो. पुढचं सांगायला फोन फिलूने घेतला. एमिल पाठ फिरवून खांबाकडे बघत राहिला.

मग विहीणबाईंनी तांब्या आत ठेवला, झाकण लावलं, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "आणि तुमचं पाणी मी कधी प्यायचं?"

रिवाज दोन्हीकडून असतो हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमचं पाणी कुठलं? वसईच्या वाडीतली विहीर खारी झाली, ती बुजवून भाऊ तिथे गाड्या लावतो. अदलियात नळाला येतं ते समुद्राचं, कारखान्यात गोड केलेलं. आणि पितो आम्ही निळ्या बाटल्यांतलं, जे ट्रकवाला खांद्यावर घालून वर आणतो. हे सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं तर हे: बहारीनच्या समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत. मोती काढणारे बुडी मारून खाऱ्या समुद्रातून गोड्या पाण्याच्या पखाली भरून आणायचे. (इथवर सगळं खरं, मी म्हाताऱ्या बहारीनींकडून ऐकलंय.) आणि मार्सेल, पोस्टमन सगळे ऐकत होते म्हणून मी पुढे जोडलं, "तुमची हरवलेली नदी जाते कुठे वाटतं तुम्हाला? तिथेच वर येते."

चर्चमध्ये कुजबुज झाली. मार्सेलने पोस्टमनकडे पाहिलं. स्पेनपेक्षा हे दोघांनाही पटलेलं दिसलं. विहीणबाईंनी माझ्या डोळ्यांत बघितलं, मेंढी विकत घेताना बघावं तसं, आणि म्हणाल्या, "येईन बघायला."

बहारीन : समुद्रावर

मला वाटलं होतं, म्हणायचं म्हणून म्हणाल्या. हिवाळ्यात त्या आल्या. हातात चीज, ज्यामुळे आमच्या जिन्यातली सगळी दारं बंद झाली. पाण्याच्या निळ्या बाटलीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, तुमचं? मी म्हटलं, नाही. नळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तेही नाही. सेरा माझ्याकडे बघत होती. चर्चच्या दारातला घोळ आणि नदीची थाप, सगळं तिला एमिलने सांगितलं होतं, आणि ती मला त्या दिवसांत डॅडी म्हणत नव्हती, नुसतं "यू" म्हणत होती.

ओळखीचा एक म्हातारा कोळी आहे, अबू सालेम. त्याच्या होडीतून आम्ही पाच जण निघालो: मी, फिलू, सेरा, एमिल आणि विहीणबाई. समुद्र तव्यासारखा सपाट. बऱ्याच अंतरावर त्याने इंजिन बंद केलं, पाण्याकडे बघितलं आणि हात झटकले.

"झरा इथे होता," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "माझा बाप इथे पाणी प्यायचा. आता मफी. खलास."

एमिल ते भाषांतर करायला गेला आणि मध्येच थांबला. सेराने डोळे मिटले. मी आयुष्यात एवढ्या थापा मारल्या, पण अशी उघड्या समुद्रात, कुठेही पळायला जागा नसलेल्या होडीत पकडली गेलेली ही पहिलीच.

विहीणबाईंनी भाषांतराची वाट पाहिली नाही. थर्मासचं झाकण काढलं, होडीच्या कडेवरून वाकून समुद्रात बुडवलं, भरून घेतलं आणि एका घोटात पिऊन टाकलं.

त्यांच्या गळ्याची शीर तटतटली. अबू सालेमने तोंड फिरवलं. मग त्यांनी सेराकडे बघितलं, नखशिखान्त, जणू पहिल्यांदाच.

"आमचंच आहे," त्या म्हणाल्या, आणि एमिलने शब्दन् शब्द सांगितला. "चव मी ओळखते. प्रवासात थोडं कोमट झालंय, एवढंच."

मग, कोणाला शंका राहू नये म्हणून, त्यांनी वाकून ते झाकण पुन्हा भरलं.